बारा टेराबाईटची आठवण

ओमती भागातल्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावरच्या पडद्यावर आकडा झळकत होता : मेमरी, बारा टेराबाईट. श्रीरंग महाराज हात जोडून सांगत होते, "देखिए, इतनी स्मृति किसी इन्सान में नहीं होती. गेलेल्यांच्या आठवणी या यंत्रातच उतरतात."

माझी आई पार्वताबाई पहिल्या रांगेत होती. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मागच्या आठवड्यात इथल्याच स्पीकरमधून घोगऱ्या आवाजात, पण अगदी बाबांच्या ढंगात, कोणीतरी बोललं, "पारू, गोळ्या काहून घेऊन राहिली? महाराज यंत्रापाशी ठेवून देतात ते पाणी घे." तिनं ब्लडप्रेशरच्या गोळ्या सोडल्या आणि काल चक्कर येऊन पडली. तरी ती माझं ऐकेना. 'पारू' हे नाव घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी सर्व्हर सांभाळण्याची नोकरी करते. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवता येतो. त्याची मेमरी किती, हे आपणच त्याला सांगायचं. तो तोच आकडा दाखवतो. मोठ्या कामांसाठी खरोखर एवढ्या मेमरीची आभासी मशीनं चालतात, पण खाली तेवढ्याच ताकदीचं यंत्र लागतं. इथं मंचावरच्या टेबलाखाली साधा घरगुती कॉम्प्युटरचा डबा होता.

कोणीही परीक्षा घ्या, असं महाराज म्हणाले तशी मी पुढं जाऊन कीबोर्ड मागितला. गर्दीसमोर त्यांना नाही म्हणता येईना. 'बाबा' आईशी बोलू लागले, तेव्हा मी मेमरी खरोखर भरायची आज्ञा दिली. हजारावा हिस्सा भरला असेल नसेल, पडदा काळा झाला. मशीन मेलं.

आवाज मात्र चालूच राहिला. "पारू, ज्योतीचं ऐकू नको."

मी मंचामागचा पडदा ओढला. माइकसमोर मोहन बसला होता. माझा चुलतभाऊ, आमच्याच घरात वाढलेला. आभासी मशीनला हवा तो आकडा कसा द्यायचा, हे मीच त्याला शिकवलं होतं.

आई मंचावर आली. तिचा आवाज चढला नाही.

"काल मी पडली तवा तूच मला उचललं, मोहन. तरी आज पुन्हा बोलून राहिला?"

त्यानं माइक बंद केला.

आम्ही महाराजांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. मोहनचं नावही मीच लिहून दिलं. आई आता गोळ्या घेते. बाबांचा विषय मात्र काढू देत नाही.

मोठा आकडा दिसला की हात जोडू नका. तो कोणी लिहिला, ते विचारा. मेलेल्याचा आवाज आला तर पडद्यामागं कोण आहे, ते बघा. तिथं आपलंच माणूस बसलेलं निघालं, तरी बघा.