फिकट वलय

वेधशाळेच्या खोलीत ती प्रमुखांसमोर बसली होती. टेबलावरच्या अहवालात एकच वाक्य होते: सूर्यावर उद्रेकाची कोणतीही खूण दिसली नव्हती. खाली तिच्या सहीसाठी जागा सोडली होती.

परवा दुर्बिणीत तबकडीने झाकलेल्या सूर्यबिंबाभोवती तिला फिकट वलय दिसले होते. कडेला उसळणारा उद्रेक ठळक दिसतो. थेट आपल्या रोखाने येणारा मात्र असा, चारी बाजूंनी, श्वासाच्या वाफेसारखा पसरतो. प्रमुखांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या मामांनी, तो भिंगावरचा डाग ठरवून चित्रातून पुसून टाकला. इशारा गेलाच नाही. आज सकाळी तो उद्रेक पृथ्वीवर येऊन धडकला आणि तेव्हापासून विमानांचे रेडिओ मुके झाले होते.

“मी तेव्हाच सांगितलं होतं, सर.”

“आता सर कशाला? मामा ना मी तुझा?”

“परवा मामा म्हटलं, तर डोळे वटारलेत.” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आवाज मात्र थंड होता. “भिंग पुसायचं सोडून तुम्ही सूर्यच पुसलात.”

त्यांनी पेन पुढे सरकवले. “माझी नोकरी जाईल गं. मामासाठी एवढी सही करशील ना?”

तिने पेनाला हातही लावला नाही. दार उघडून ती निघून गेली.