इंद्रभानची टांगाटोळी

उकंडराव मास्तर गेले आणि तेरवीच्या दिवशी सगळं गाव मारुतीच्या देवळात त्यांचे गुण गायला बसलं. जेवणं व्हायची होती, त्यामुळे कुणी उठून जाण्याचा प्रश्नच नव्हता. पेन्शनीत निघाल्यावरही मास्तर रोज शाळेच्या दारात उभे राहून पोरांची डोकी मोजत, हे प्रत्येकाने सांगितलं. खोटं नव्हतं ते. शाळेपायी हा माणूस स्वतः सुखाने जेवला नाही आणि गावालाही त्याने जेवू दिलं नाही.

गोजरबाई बायकांत, मागे बसली होती. ती मास्तरांना मानायची. तिचा एकुलता इंद्रभान मरेपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकला होता. अंगात ताप असताना त्याला घरी एकटं ठेवून ती कापूस वेचायला गेली होती. संध्याकाळी परतली तर पोर गोधडीत फणफणलेलं, आणि उजाडायच्या आत गेलंसुद्धा. पोराला खाल्लेली बाई म्हणून गावाने तिला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. नवऱ्याने, भगवंतरावाने, दुसरी केली आणि हिला गोठ्यालगतच्या खोलीत टाकलं. तिने कधी ब्र काढला नाही. चूक आपलीच, असं तिनेही धरलं होतं.

मग रंगराव उठला. तो मेहकरला वकिली करतो, बोलायला मिळालं की थांबत नाही. डिपुटी शाळा तपासायला आला होता, त्या दिवसाची गंमत त्याने काढली. हजेरी भरली नाही तर शाळा दुसऱ्या गावाला हलवायचा नागपूरचा हुकूम होता. मास्तरांनी चार दांडगी पोरं गावात सोडली, रंगराव त्यांचा म्होरक्या. घरात जो सापडेल त्याची टांगाटोळी. एक पोरगं, कुणाचं ते आता त्याच्या ध्यानातही नव्हतं, तापाचं सोंग घेऊन गोधडीत पडलं होतं. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय, आणि भर दुपारी त्याला लोंबकळत नेलं. मास्तरांनी त्याला भिंतीशी उभं केलं, डिपुटी जाईस्तोवर बसू दिलं नाही. पठ्ठ्याने तशात पावकी म्हणून दाखवली.

"मंग नेऊन जसाच्या तसा गोधडीत घातला," रंगराव म्हणाला. "माय वावरातून आली, तिले पत्ताच नाही."

लोक पोट धरून हसले.

गोजरबाई उठली. पुरुषांपुढे ती आजवर कधी उभी राहिली नव्हती. ताप खरा होता, एवढंच ती म्हणाली. हसणं थांबलं. रंगरावाने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती, ती भगवंतरावाकडे बघत होती. आता गावासमोर त्याने एक शब्द टाकला असता तर तिच्यावरचा इतक्या वर्षांचा डाग धुऊन निघाला असता. आणि तो टाकेल असं तिला खरंच वाटलं, इतकी ती भोळी.

"ऐकलं ना?" ती म्हणाली. "सांगा आता लोकाईले. म्या नाही मारलं पोराले."

भगवंतरावाने खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"मले तवाच ठावं होतं. पोराले माती देल्यावर मास्तर आले, माह्या पाया पडले. देवमाणूस. बोललो असतो तं शाळा बुडाली असती, त्यायचं नाव खराब झालं असतं. म्हून चूप राह्यलो."

माणसांनी माना डोलावल्या. भगवंतरावही काही लहान माणूस नाही, असं कुणीतरी बोललंसुद्धा.

"अन् माहं नाव?" तिने विचारलं.

"तुहं काय," तो म्हणाला, "तू तं घरचीच."