दुसरं टोक

"घे!" तो म्हणाला, आणि तिने शिकंज्याची मूठ फिरवायला सुरुवात केली.

धनुष्याचं एक टोक कालच वळवून झालं होतं, आज दुसरं. टोकं बाण सुटतो त्या दिशेला वळलेली असली की बाणाला जोर मिळतो. मात्र दोन्ही अगदी सारखी हवीत. तासभर वाफ दिलेलं लाकूड शंभर आकडे मोजेपर्यंतच वळतं, मग हट्टाला पेटतं. म्हणून त्याने चामडी हातमोजे घालून, अंगाचा भार टाकून टोक साच्यावर दाबायचं, मोठ्याने मोजायचं, आणि तिने शिकंजा आवळायचा. एकतीस वर्षं हेच चाललं होतं.

धनुष्याच्या बाकावरून गल्लीत त्याला 'बाकवाले' म्हणत. नवे लोक शाळेसाठी बाक विचारायला येत. "बसायचे नाही हो, ताणायचे," तो सांगे.

"एकवीस, बावीस, तेवीस," तो मोजत होता. "तेवीस. तेवीस. तेवीस."

"अहो, गाडी अडकली का? पुढे सरका की!" ती हसत म्हणाली.

त्याने वर पाहिलं. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. तो वेडावतोय असं वाटून ती आणखीच हसली. "पुरे आता! भार कमी पडतोय तुमचा, टोक उठतंय."

मग त्याचा उजवा हात लाकडावरून घसरला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. टोक साच्यातून सुटून थेट त्याच्या चेहऱ्याकडे उसळलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, बाजूला लोटलं. तोवर तो भुशात खाली बसला होता.

"अहो! काय होतंय?"

"ते... तेवीस," तो म्हणाला. शब्द चुकतोय हे त्याला कळत होतं. ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

समोरच्या सायकलवाल्याने टेंपो काढला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधी सुरू झालं? मघाशी, सकाळी, असं नको. नक्की वेळ हवी."

"अकरा वाजून चार मिनिटं."

"इतकं नक्की?"

"दहा वाजून चार मिनिटांनी लाकूड वाफेत ठेवलं होतं. तास पुरा झाला तेव्हा काढलं. तेवीसपर्यंत त्यांनी नीट मोजलं."

लिहिता लिहिता बाईंनी मान वर केली. मग पेन तिथेच टाकून उठल्या. "चला. वेळेत आलात, स्कॅन करून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल."

दार बंद झालं. ती बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिली. रडू येत नव्हतं.

"मी हसत होते," ती सायकलवाल्याला म्हणाली.

"वहिनी, पाणी घ्या जरा."

"त्यांचं असं होत होतं, आणि मी हसत होते हो."

बाटलीचं झाकण उघडून तो नुसता उभा राहिला.

संध्याकाळी आत सोडलं. जीव वाचला होता. पाय थोडा हलत होता, उजवा हात चादरीवर तसाच पडला होता. "बोलणं हळूहळू येईल," बाई म्हणाल्या. "किती, ते आज नाही सांगता येत." हाताचं त्या काहीच बोलल्या नाहीत. तिनेही विचारलं नाही.

सलाईन बघायला आलेली नर्स एकदम थबकली. "मावशी, हाताला काय हे?"

तिने पाहिलं. दोन्ही तळव्यांवर फोड टरारले होते, एक फुटून कातडं लोंबत होतं. दिवसभरात तिला पत्ताही नव्हता.

"लाकूड चिरू नये म्हणून टोकाला पत्र्याची पट्टी असते," ती म्हणाली. "ती तापते." दुसऱ्याच कुणाच्या हातांविषयी सांगावं तशी.

नर्स मलम आणायला धावली. तो टक लावून त्या तळव्यांकडे बघत होता. मग डाव्या हाताने त्याने तिचं मनगट धरलं आणि हळूहळू तोंडाजवळ ओढलं. काही सांगायचं असेल म्हणून ती वाकली.

त्याने फुंकर घातली. वाकड्या ओठांतून निम्मा वारा उशीवरच गेला. त्याने दम घेतला, आणि पुन्हा फुंकर घातली.