दुसऱ्या चौकोनातली खूण

गुरुवारी सकाळी दहा ते बारा, क्लबच्या बागेत जकरांडाच्या झाडाखाली माझं टेबल लागतं. तेरा वर्षं झाली. या परक्या देशात, तळ्याकाठी, आम्ही अमेरिकेतून आलेली म्हातारी माणसं ढिगाने आहोत. इथे डॉक्टर स्वस्त, हवा बरी, आणि सुना-मुलं विमानाच्या अंतरावर. महिन्यातून एकदा ग्वादालाहारा शहरातून आमच्या वकिलातीची माणसं येतात, पासपोर्ट आणि शिक्क्याची कामं करून जातात. मतदानाचे फॉर्म मात्र माझ्याकडे. पैसे घेत नाही, अक्कल शिकवते.

फॉर्म एका पानाचा आहे, दर वर्षी नवा भरायचा. त्यात वरच्या बाजूला दोन चौकोन. पहिला म्हणतो, मी परदेशी आहे आणि परतायचा इरादा आहे. दुसरा म्हणतो, परदेशी आहे, परतेन की नाही ते नक्की नाही. आमची म्हातारी इथेच फसतात. छाती फुगवून बसतात, "आपण काय आता परत जात नाही बाई," म्हणतात आणि पेन थेट दुसऱ्या चौकोनाकडे. मी हातावर फटका मारते. कारण बऱ्याच राज्यांत दुसऱ्या चौकोनात खूण केली की गावचं मत गेलं. वॉशिंग्टनला कोण जाणार तेवढंच तुम्हाला विचारतात. जिल्ह्याचा पोलीसप्रमुख म्हणजे शेरीफ, शाळेची कमिटी, न्यायाधीश, त्यातलं काही तुमच्या कागदावर येतच नाही.

"इरादा म्हणजे तिकीट नव्हे," मी त्यांना सांगते. "मेल्यावर जाईन असा इरादा ठेवा. कुणी विमानतळावर मोजायला उभं नाही."

हे मी शेकडो लोकांना सांगितलं असेल. हार्लनला सांगितलं नाही.

हार्लन फोइट विस्कॉन्सिनचा. टॅमरॅक नावाचं गाव, सहाशे वस्ती, दोन चर्च, एक दारूचा गुत्ता. बायको इर्मा, तिला विसरायचा आजार झाला तेव्हा याने तिला आश्रमात ठेवलं आणि हिवाळ्यापुरता दोन महिने म्हणून इकडे आला. क्लबच्या नाचाला आला आणि माझ्या पायावर पाय दिला. दोन महिन्यांचे चौदा झाले. इर्मा मार्चमध्ये गेली तेव्हा याचा पासपोर्ट संपलेला होता. वकिलातीत गेला असता तर तातडीचा पासपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला असता. मी म्हटलं, "आता जाऊन काय करणार, ती तर तुला ओळखतही नव्हती." तो गेला नाही. मुलीने, कोरिनने, नऊ वर्षं फोन उचलला नाही.

आणि मग निवडणुकीच्या वर्षी, मे महिन्यात, तिचाच फोन आला. हार्लनच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग पडला होता, कडेकडेचंच दिसायचं, म्हणून फोन मी लावायची, मी उचलायची, आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवायची. त्यामुळे सगळं माझ्या कानांवर.

"डॅड, मी शेरीफला उभी आहे," ती म्हणाली. "मला तुमच्याकडून पैसे नकोत, सल्ला नको. एक मत हवंय. कोणी कोणी मत दिलं ती यादी गावात सगळे वाचतात. त्यात तुमचं नाव दिसलं की मी समजेन. मग नाताळला या. राहायलाच या, वाटलं तर."

हार्लनने टेबलाची कड घट्ट धरली होती. ऐंशी वर्षांचा माणूस, नाक वाहायला लागलं तरी पुसेना. "पाठवतो," म्हणाला. "पाठवतो गं, पोरी."

त्या दिवसापासून त्याचं एकच सुरू झालं. चेलोने, आमच्या स्वयंपाकीणबाईने, पुढ्यात ताट ठेवलं की म्हणायचा, टॅमरॅकला शुक्रवारी मासे तळतात तशी चव कुठेच नाही. नऊ वर्षं चेलोच्या हातचं बोटं चाटून खाल्लं ते कुठे गेलं? लोकरीचा कोट पेटीतून काढून उन्हात टाकला. मला एकदाही म्हणाला नाही, तूही चल. तिथे इर्माच्या गावात मी कुठल्या तोंडाने जाणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मला राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली. त्र्याहत्तराव्या वर्षी पुन्हा एकटीने ताट वाढून घ्यायचं.

जुलैच्या पहिल्या गुरुवारी तो रांगेत उभा राहिला, इथे आल्यापासून पहिल्यांदाच. घरात भरला असता फॉर्म, पण नाही, त्याला सगळ्यांसारखा भरायचा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट. बसला आणि म्हणाला, "वाच, आर्डिथ."

मी वाचलं. नाव, जन्मतारीख, गावचा शेवटचा पत्ता. मग चौकोनांपाशी आले.

"इथे लिहायचं, तू कुठे राहतोस आणि तुझं खरं काय आहे," मी म्हटलं. "खाली शपथ आहे. खोटं निघालं तर गुन्हा."

"खरं काय म्हणजे?"

"म्हणजे तू परत जाणार हे नक्की आहे का? तिकीट काढलंयस?"

"तिकीट कुठलं? आधी ती या तर म्हणू दे."

"मग नक्की नाही."

"नक्की तर नाही," तो म्हणाला. आयुष्यभर दूध संघात हिशेबनीस होता, खोट्या कागदाला साप समजायचा.

मी दुसऱ्या चौकोनाखाली बोट ठेवलं. त्याने माझं बोट चाचपलं, त्याच्या वरच्या चौकोनात पेनाने खूण केली आणि शपथेखाली सही केली. मागे रांगेत उभी असलेली लुएला म्हणाली, "काय हार्लन, लगीनचिठ्ठी लिहितोयस का?" तो हसला. मीही हसले.

सप्टेंबरच्या शेवटी मतपत्रिका ईमेलवर आली. मी छापून घेतली. तो हात पुसून बसला.

"कोरिन कितवी आहे?"

"यात नाही ती."

"नीट बघ."

"बघितलं. वॉशिंग्टनच्या दोन जागा आहेत, बाकी काही नाही. बाहेर राहणाऱ्यांना एवढीच देतात."

"बदलून मागता येत नाही?"

तेव्हा मतदानाला अजून पाच आठवडे होते. दुसरा फॉर्म भरला असता, पहिल्या चौकोनात खूण केली असती, तर आठवड्यात नवी पत्रिका आली असती. असे चार जणांचे मी स्वतः बदलून दिले होते, त्याच महिन्यात.

"मुदत गेली," मी म्हटलं.

त्याने त्या दोन जागांना भिंगातून चाचपडत खुणा केल्या. साक्षीदार म्हणून मी सही केली. लिफाफा वकिलातीच्या सरकारी टपालाच्या थैलीतून जावा म्हणून तो स्वतः बसने ग्वादालाहाराला गेला, दीड तास जायला, दीड तास यायला. निदान यादीत नाव तरी येईल, म्हणाला.

कोरिन सगळ्या जिल्ह्यातून चारशे मतांनी निवडून आली. म्हणजे याच्या मताने तिचं काही अडलं नव्हतं. हार्लनने मला फोन लावायला सांगितलं. तो अभिनंदनाचं वाक्य सकाळपासून घोकत होता.

"डॅड, बेव्ह माझ्या वर्गातली, आता गावची क्लार्क आहे," कोरिन म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट वाटलं. "तुमचा फॉर्म आला तेव्हा तिने मला विचारलं, वडिलांनी दुसऱ्या चौकोनात खूण केलीय, परतायचं नक्की नाही म्हणून, गावची पत्रिका पाठवता येत नाही. चुकून केली असेल, विचार त्यांना. मी म्हटलं, माझे वडील हिशेबनीस होते, ते कागदावर चुकून काही करत नाहीत."

"कोरिन, ती खूण—"

"आईच्या वेळी पासपोर्टचं निमित्त होतं. या वेळी चौकोन. ठीक आहे, डॅड. सुखात राहा." फोन बंद झाला.

तो माझ्याकडे वळला. आता बोलेल, मला वाटलं. बोट तुझं होतं, म्हणेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"डोळ्यांनी घात केला गं," तो म्हणाला. "दुसऱ्याच चौकोनात गेलं पेन. आणि तू बिचारी समोर बसली होतीस, तुझ्याही लक्षात आलं नाही." मग माझा हात थोपटला. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी नाही लावून घेतलं. चेलोला म्हटलं, कॉफी आण.

नाताळला त्याने कोट परत पेटीत घातला. जानेवारीत एकदा म्हणाला, "मी गेलो की मला तिकडे पाठव, आर्डिथ. इर्माच्या शेजारी जागा घेतलेली आहे. दगडावर माझं नाव कोरलंय, जन्मसाल कोरलंय, पुढची तारीख तेवढी राहिलीय." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

फेब्रुवारीत तो सकाळी खुर्चीतच गेला. इथे प्रेत फार ठेवत नाहीत, दोन दिवसांत उरकावं लागतं. वकिलातीतून डेस्मंड नावाच्या माणसाचा फोन आला. आवाज मऊ, कामाला पक्का.

"तुम्ही त्यांच्या कोण, मॅडम?"

"दहा वर्षं सोबत राहत होतो."

"लग्न?"

"नाही."

"मग निर्णय मुलीचा. त्या लाइनवर आहेत. त्यांना तुमच्याशी एक बोलायचंय."

आजवर ती माझ्यासमोर टेबलावरच्या फोनमधून हार्लनशीच बोलली होती, माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

"तुम्ही आर्डिथ ना? मी ऑक्टोबरमध्ये त्यांची खोली रंगवून घेतली होती," कोरिन म्हणाली. "बेव्हने सांगितल्यावरसुद्धा. म्हटलं, दुसरा फॉर्म पाठवतील. रोज टपाल बघायची. मला एवढंच सांगा, शेवटी कधी म्हणाले का, परत यायचंय म्हणून? एकदा जरी म्हणाले असले तरी मी स्वतः न्यायला येते."

चेलो दारात उभी होती. तिला आमची भाषा येत नाही, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. एक शब्द बोलायचा होता. तो बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, मग खूण कशी झाली, आणि त्याच्यापुढचा.

"नाही," मी म्हटलं. "त्याला इथेच बरं वाटायचं."

मग ती डेस्मंडला म्हणाली, "तिथेच पुरा. त्यांनी तसं सही करून दिलंच आहे."

पुरलं. वरच्या आळीतल्या स्मशानात, भिंतीच्या कडेला, प्लास्टिकच्या फुलांत. टॅमरॅकमध्ये त्या दगडावर अजून तारीख रिकामी आहे. कोरिनने कोरून घेतली नाही, असं बेव्हच्या पत्रावरून कळलं. बेव्हने पत्र टाकलं होतं ते मतदार यादीतून नाव काढायला मृत्यूचा दाखला हवा म्हणून.

पुढच्या गुरुवारी मी टेबल लावलं. लुएला आधी येऊन बसली, म्हणाली, "यंदा मी दुसऱ्यावरच खूण करते बघ. आता कसलं परतणं." मी तिच्या हातावर फटका मारला. मग दुपारी, रांग संपल्यावर, माझा स्वतःचा फॉर्म भरला. नेब्रास्कातला पत्ता लिहिला, त्या घरात आता दुसरी माणसं राहतात. खूण पहिल्या चौकोनात केली. माझी वाट तिकडे कुणी पाहत नाही.