गालावरची बोटं

निवृत्तीचा हात उठला तो थेट सायलीच्या गालावर बसला. आवाज एवढा झाला की शेजारच्या गाड्यावरचा लस्सीवाला घुसळायचा थांबला. सहा वर्षांची पोर घासबाजारातल्या तापलेल्या डांबरावर या पायावरून त्या पायावर नाचत होती, ती जागच्या जागी उभी राहिली.

"चालायचं. कडेवर घे म्हणालीस तर अजून एक देईन."

"अहो, भाजतंय तिला," वत्सला म्हणाली. "माझेच पाय टेकत नाहीत."

"मग मला काय गार लागतंय?"

तिघंही अनवाणी होती. सकाळी सायखेड्याहून एसटीने नाशकात उतरली आणि चपला पिशवीत घालून चालायला लागली. नवस निवृत्तीच बोलला होता. गेल्या पावसाळ्यात सायलीला डेंग्यू झाला, सातव्या दिवशी डॉक्टरांनी नुसती मान हलवली, तेव्हा हा माणूस दवाखान्याच्या जिन्यात बसून ओक्साबोक्शी रडला होता. पोर वाचू दे, नाशकातली पाच देवळं तिच्या पायांनी करीन, अनवाणी, कुणी तिला उचलणार नाही. पोर वाचली. आता मधेच तिचे पाय जमिनीवरून सुटले तर दिलेली पोर देव परत नेईल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मे महिना निवडला तो कांदा चाळीत पडल्याशिवाय सवड नव्हती म्हणून. देवांना थंडीतही चाललं असतं, पण हे त्याला सांगणार कोण?

तीन देवळं झाली होती. चौथं कपालेश्वर. पायऱ्यांवर सोमवारची ही गर्दी. मागून रेटा आला, वत्सलाच्या हातातला नारळ निसटला, तो उचलायला ती वाकली, आणि सरळ झाली तेव्हा सायली नव्हती.

पहिली पाच मिनिटं दोघं एकमेकांवर ओरडली. त्यानंतर ओरडायलाही आवाज उरला नाही. रामकुंडाच्या काठाने, भाजीवाल्यांमधून, तंबूंच्या दोऱ्यांवरून ठेचकाळत निवृत्ती पळत होता. वत्सला दिसेल त्या बाईला विचारत होती, "पिवळा फ्रॉक. एवढीशी. बघितली का?" कुंडाच्या पाण्याकडे बघायचं ती टाळत होती.

मालेगाव स्टँडच्या चढावर निवृत्तीला पिवळा फ्रॉक दिसला. एक वाळका, काळा म्हातारा डोक्यावर करवंदांची पाटी आणि कडेवर सायली घेऊन भराभर रस्ता ओलांडत होता. सायलीचं तोंड करवंदांनी जांभळं झालं होतं आणि ती रडत होती.

कडेवर. निवृत्तीला आधी तेवढंच दिसलं. त्याने पोर ओढून खाली ठेवली आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर बुक्की मारली. पाटी पडली. करवंदं उतारावरून घरंगळत गेली.

"पोरगी पळवत होता!" कुणीतरी ओरडलं.

एवढं पुरलं. मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज महिनाभर सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. ज्याला त्याला हात धुऊन घ्यायचे होते. दोघांनी म्हाताऱ्याचे हात धरले, तिसऱ्याने हेल्मेट हाणलं. कपाळ फुटलं. एकाने पट्टा काढला, त्याचं बक्कल पाठीवर बसलं की म्हातारा कमानीसारखा वाकायचा. तो काहीतरी सांगत होता, पण दर शब्दाला कुणीतरी त्याच्या तोंडावर मारत होतं. चौघं-पाच जण फोन वर धरून उभे होते.

लाल टी-शर्टातल्या एका तरुणाने सायलीची हनुवटी धरून तिचं तोंड गर्दीकडे वळवलं.

"बघा! बोटं उमटलीत गालावर! एवढ्याशा पोरीला मारलंय हरामखोराने!"

मग लाथा सुरू झाल्या.

वत्सलाने नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, सांगा की."

निवृत्तीने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही भीती वाटत होती. आत्ता बोललो तर हा पट्टा, हे हेल्मेट आपल्याकडे वळणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"मरंल तो!" वत्सला किंचाळली.

म्हाताऱ्याने आता डोकं झाकायचंही सोडून दिलं होतं. एका बुटाखाली त्याची बोटं चिरडली तेव्हा त्याच्या तोंडून आवाजसुद्धा आला नाही. निवृत्ती त्या बोटांकडे बघत राहिला, आणि मग गर्दीत घुसला.

"मी मारली! थांबा! माझी पोरगी हाय, मी मारली तिला!"

दोनदा कुणी ऐकलं नाही. तिसऱ्यांदा त्याने पट्टेवाल्याचं मनगट धरलं आणि त्याच्या तोंडाजवळ ओरडला.

हात थांबले. सगळे निवृत्तीकडे वळले. त्याने धोतर सावरलं, टोपी काढून खिशात घातली आणि हात खाली सोडून उभा राहिला. डोळे मिटले. पहिली थप्पड कुठून येईल, एवढाच विचार उरला होता.

"तुम्ही मारली?" लाल टी-शर्टवाल्याने विचारलं.

"हां. घासबाजारात. या हातानं."

"मग आधी सांगायचं ना काका! बाप मारणारच. आमच्या बापाने काय कमी हाणलंय आम्हाला?"

कुणीतरी हसलं. पट्टेवाला पँटच्या लूपमध्ये पट्टा ओवायला लागला. "पण हा उचलून का नेत होता?" मागून एकाने विचारलं, उत्तर म्हाताऱ्याने रस्त्यावरूनच दिलं.

"पाय भाजत व्हतं पोरीचं. देवळाकडं नेत व्हतो."

ऐकायला फारसं कुणी उरलं नव्हतं. हॉर्न वाजायला लागले, गर्दी पांगली. जाता जाता लाल टी-शर्टवाल्याने निवृत्तीच्या हातात पाण्याची बाटली ठेवली.

"घ्या. ऊन लय आहे. आणि पोरीला हात धरून चालवत जा."

वत्सलाने सायलीला कडेवर उचललं. पोरीचं एकही पाऊल खाली न टेकवता ती तिला घेऊन रस्ता ओलांडून गेली, नवऱ्याकडे न बघता. निवृत्तीने तिला अडवलं नाही.

म्हातारा हातावर जोर देऊन उठला. एक डोळा बंद झाला होता. लंगडत तो निवृत्तीच्या समोर आला, अगदी हातभर अंतरावर. निवृत्तीने मान पुढे केली.

"मार बाबा," तो म्हणाला. "मार मला."

म्हाताऱ्याने उघड्या डोळ्याने त्याच्याकडे क्षणभर बघितलं.

"जरा सरका," तो म्हणाला, आणि निवृत्तीच्या पायाशी पडलेली करवंदं वेचायला खाली बसला.