अकरा यंत्रांचा प्रश्न

मला नितेशचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आमदार किसनराव, म्हणजे आमचे भाऊ, यांचं कार्यालय अकोल्यात जठारपेठेत आहे. तिथे आम्ही दोघं काम करतो. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, मी माहिती गोळा करते. नितेश अमरावतीचा, राज्यशास्त्र शिकलेला. माझ्या माहितीतून विधानसभेत विचारायचे प्रश्न तो तयार करतो.

सप्टेंबरभर मी खारपाणपट्ट्यातल्या अकरा गावांत फिरले. बोअरचं पाणी मोजलं. एका लिटरमागे दोन हजार मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार एकाही गावात नव्हते. ते पाणी पिण्यासारखं करायला सरकारनं बसवलेली अकराच्या अकरा यंत्रं बंद होती. माझ्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ आणि पाण्याचं तापमान आहे. तापमान कुणी विचारत नाही, पण ते बदललं की मीटरवरचा आकडा बदलतो.

या महिन्याभराच्या कामाच्या नितेशनं चार ओळी केल्या:

"(१) खारपाणपट्ट्यातील अकरा गावांत बसविलेली सर्व जलशुद्धीकरण यंत्रे बंद आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, ती बंद असण्याची कारणे काय आहेत, (३) ती केव्हापर्यंत सुरू करण्यात येतील?"

भाऊंनी त्या दोनदा मोठ्यानं वाचल्या. "वा बे नितेश! असा प्रश्न पायजे. मंत्र्याले पयाले जागाच नाई."

माझी वही तिथेच टेबलावर होती. भाऊंनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

प्रश्न पाठवायला अजून आठवडा होता. त्या आठवड्यात काही नमुने पुन्हा तपासायला मी अकराव्या गावात, पिंपळखारीला गेले, तर यंत्राच्या खोलीबाहेर बायकांची रांग. बचत गटाच्या तानुबाईंनी मूर्तिजापूरहून मिस्त्री आणून यंत्र सुरू केलं होतं. रोज सकाळी दोन तास, तानुबाई स्वतः बटण दाबायच्या.

"सरकारचा मानूस आला होता का?" मी विचारलं.

"आला ना. फोटो काढून घेऊन गेला," तानुबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, बाप्पा, माया फोटो कायले काढतं, मिस्त्र्याचा काढ!"

मी वहीत लिहिलं: पिंपळखारी, चालू, दोन तास, बचत गटामार्फत. तारीख टाकली, वेळ टाकली.

दुसऱ्या दिवशी नितेशनं विचारलं, "आकांक्षा, आज प्रश्न पाठवून राहिलो. तुह्या गावांत काई बदललं का?"

"नाही," मी म्हटलं.

ते नाही म्हणजे काय हे मला पक्कं माहीत होतं. पहिल्या भागाला 'हे खरे नाही' असं उत्तर आलं की उरलेल्या भागांपुढे खातं एकच ओळ छापतं: 'प्रश्न उद्भवत नाही.' सर्व यंत्रे बंद असं विचारलं आणि एक जरी चालू निघालं, तरी बाकी दहांबद्दल खात्याला काही सांगावं लागत नाही. आणि एकदा उत्तर आलेला प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा विचारता येत नाही. हे सगळं मला नितेशनंच शिकवलं होतं, माझ्या पहिल्या आठवड्यात, पोह्यांची प्लेट पुढे सरकवत.

मी स्वतःची समजूत घातली होती. दोन तास चालतं ते यंत्र चालू म्हणायचं का? व्याख्या कुठे आहे? पण वहीत मी 'चालू' लिहिलं होतं, आणि माझ्या नोंदीशी मला वाद घालता येईना. मग मी तो विचारच सोडला आणि वाट पाहू लागले. नितेशचा चेहरा कसा होईल, भाऊ काय म्हणतील, याची. भाऊंबरोबर नागपूरला अधिवेशनाला तोच गेला. मला भाऊ म्हणाले, "तू इथं थांब, फोनवर राह्य." तेव्हा तर ही वाट पाहणं मला गोड लागायला लागलं.

प्रश्नाचा दिवस आला. सभागृह सुरू व्हायच्या आधी छापील उत्तरं मिळतात. सकाळी नितेशचा फोन आला. आवाज अगदी खाली गेलेला.

"हे खरे नाही म्हणते वं. बाकी दोनालेही, प्रश्न उद्भवत नाही."

छातीत थंड वाटलं, चांगलं वाटलं.

"भाऊ लय तापले. म्हणे आकडे कोनी देल्ले. मी सांगतो त्यायले, मोजनीत चूक झाली असंन. पोरगी नवीन हाय, मीच तपासाले पायजे होतं. माया अंगावर घेतो मी, तू घाबरू नोको."

"मोजणीत चूक नाही," मी म्हटलं.

"मंग?"

"पिंपळखारीचं यंत्र चालू झालंय. ऑक्टोबरच्या एकोणीस तारखेला मी पाहिलं, सकाळी सव्वासातला. माझ्या वहीत आहे."

फोनमध्ये मागे कुणीतरी चहावाल्याला हाक मारत होतं.

"म्हंजे तुले मालूम होतं? मी इचारलं तवा?"

"हो."

तो ओरडेल असं वाटलं. तो म्हणाला, "कोन चालवते थे?"

"बचत गट. सरकारनं काहीच केलेलं नाही. मिस्त्रीही त्यांनीच आणला."

"अन् बाकीचे दहा?"

"बंद. परवाच फोन करून विचारलंय सगळीकडे."

"ठेव फोन."

कामकाज मी मोबाइलवर पाहिलं. मंत्री उठले आणि म्हणाले, हे खरे नाही. भाऊ उपप्रश्नाला उठले. हातात चिठ्ठी होती. "अध्यक्ष महोदय, अकरापैकी नेमकी कोणती यंत्रे चालू आहेत आणि ती कोण चालवतं, एवढंच मंत्री महोदयांनी सांगावं." मंत्र्यांनी कागद चाळले, मागून एक कागद आला, तोही चाळला. पिंपळखारी, म्हणाले. "म्हणजे दहा बंद!" भाऊ गरजले. "आणि अकरावं चालवते आमची तानुबाई, तुमचं खातं नाही!" सभागृह हसलं. मंत्र्यांनी पंचेचाळीस दिवसांत दहाही यंत्रं सुरू करण्याचं आश्वासन दिलं.

दुपारी भाऊंचा फोन. "पोरी, नितेश सांगे का उपप्रश्न तुनं काढला. शाब्बास! डोकं हाय तुले."

हेच ऐकायला मी तीन महिने जिवाचा आटापिटा केला होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो भाऊ," मी म्हटलं.

नितेश आला तेव्हा मी त्याला एकटं गाठलं. "काहून सांगितलं असं?"

"मंग काय सांगू? पोरीनं आमचा प्रश्न बुडवला म्हनून?" तो हसला. खोटं हसणं नव्हतं, मी नीट पाहिलं. "पुढचा प्रश्न तूच लिही."

त्याला जे देता आलं ते मला देता आलं नसतं. आधी मला त्याच्या चार ओळींचा हेवा होता. आता कशाचा आहे ते मोजायला माझ्याकडे मीटर नाही.

पुढचा प्रश्न मी लिहिला, मोर्शीच्या संत्र्यांच्या फळगळीवर. तीन भाग. नितेशला दाखवला. त्यानं सावकाश वाचला, एका ओळीवर थोडा थांबला, कागद परत दिला.

"मस्त हाय."

"काही चूक दिसते का?"

"नाई ना."

प्रश्न उद्या पाठवायचा आहे. तो ज्या ओळीवर थांबला ती मी सकाळपासून वाचते आहे. मोर्शीला तीन फोन झाले, सगळे आकडे बरोबर आहेत. आता चौथा लावते आहे.