लसूणभात शिकलेली कढई

काळीकुट्ट, जड आणि दोन कानांची अशी मी एक लोखंडी कढई आहे. मित्रांनो, आज माझ्या अंगावर तेलाची तुकतुकी दिसते म्हणून फसू नका. मधली काही वर्षे मी गंजत काढली आहेत.

माझा जन्म पुण्याचा. लोहाराने पत्रा तापवून, ठोकून ठोकून मला आकार दिला. मालिनीबाईंच्या घरी पंधरा वर्षे मी पिठले, भरली वांगी, कांदाभजी केली. त्यांचा मुलगा सुयश आणि सून मंजूषा नेदरलँड्सला निघाली, तेव्हा त्यांनी मला बॅगेत कोंबले. "अगं, तिकडे अशी मिळायची नाही," त्या सुनेला म्हणाल्या. वजन वाढले म्हणून बिचाऱ्या सुयशने स्वतःचे बूट बाहेर काढले.

आम्ही आइंडहोवनजवळच्या 'बेस्ट' नावाच्या गावात राहू लागलो. सुयश आइंडहोवनला इंजिनिअर, मंजूषा घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. घर भाड्याचे, पण गॅसची शेगडी होती. तरीही मी पडले उचलायला जड, घासायला कटकटीची. हलकी नॉनस्टिक भांडी आली आणि मी कपाटावर गेले. कानाजवळ पहिला तांबूस डाग पडला, तोही कोणी पाहिला नाही.

मग दोन हजार वीस साल आले. वडिलांच्या ऑपरेशनसाठी सुयश पुण्याला गेला आणि मार्चमध्ये विमानेच बंद झाली. घरात उरल्या मंजूषा आणि आठ वर्षांची लेक सलोनी. शाळा लॅपटॉपवर, ऑफिस लॅपटॉपवर, आणि पोटात सकाळ-दुपार ब्रेड.

"मम्मा, नॉट ब्रेड अगेन!" सलोनी ताट सरकवायची. मंजूषा सिंककडे तोंड करून डोळे पुसायची.

शेजारी लिगाया राहायची. फिलिपिन्सची, पन्नाशीची, वृद्धाश्रमात नर्स, घरी एकटीच. एका दुपारी तिने मागच्या कुंपणावरून हाक मारली. बोलायची ती इंग्रजीत, पण मी आपल्या भाषेत सांगते.

"मंजू, कालचा भात आहे का गं?"

"आहे, पण शिळा आहे."

"शिळाच हवा! लसूण घे, अंडी घे. लोखंडी कढई असेल तर फारच छान."

मंजूषाने खुर्चीवर चढून मला खाली काढले. मिठाने खसखसून घासले, तेल लावून तापवले. किती वर्षांनी ती ऊब! मागचे दार उघडे ठेवून ती करत होती आणि लिगाया कुंपणापलीकडून सांगत होती. लसूण भरपूर ठेचायचा, मंद आचेवर सोनेरी करायचा, मग भात मोकळा करून परतायचा. वर तळलेले अंडे.

"याला आम्ही सिनांगाग म्हणतो."

"अगं, हा तर आमचा फोडणीचा भात! मोहरी-हळद तेवढी विसरलात," मंजूषा म्हणाली आणि हसली. सलोनीने दोनदा वाढून घेतला.

मग दर रविवारी काहीतरी नवे होऊ लागले. सगळे सामान कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधले. पान्सितसाठी तांदळाच्या बारीक शेवया, कोबी, गाजर. अदोबोसाठी चिकन, सोया सॉस, व्हिनेगर, तमालपत्र, मिरी. अदोबोसाठी मी तयारच होते, पण लिगाया ओरडली, "व्हिनेगर तिच्यात नको! कातडी सोलून निघेल बिचारीची." अदोबो स्टीलच्या पातेल्यात गेला. मी रुसले. पण मित्रांनो, माझ्या कातडीची काळजी त्या देशात पहिल्यांदाच कोणी केली होती. सलोनी लिगायाला 'तीता' म्हणू लागली. त्यांच्याकडे मावशीला तसे म्हणतात.

तिकडच्या उन्हाळ्यात, जुलैमध्ये सुयश परतला. नोव्हेंबरमध्ये मात्र वृद्धाश्रमातून कोरोना लिगायाच्या घरी आला. फोनवर तिचा आवाज पार बसला होता.

"चव नाही, वास नाही. खायचं कशाला?"

"कशाला म्हणजे? मी सांगते म्हणून!" मंजूषा दटावून म्हणाली.

आजारपणात आपली आई आलं आणि चिकन घातलेली भाताची पेज करायची, असे लिगायाने कधीतरी सांगितले होते. मंजूषा ती माझ्यात शिजवू लागली. डबा दारात ठेवायचा, बेल वाजवायची आणि चार पावले मागे सरून उभे राहायचे. दार किलकिले होऊन डबा आत गेला, की घरी यायचे.

पाचव्या दिवशी दार उघडले नाही. मंजूषाने फोन केले, दार बडवले, शेवटी अँब्युलन्स बोलावली. लिगाया नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होती. त्या दिवसांत मंजूषा मला रोज घासायची, पुसायची आणि काही न शिजवता परत ठेवायची.

लिगाया आली ती अर्धी होऊन. मंजूषाने पुन्हा पेज केली आणि कुंपणावरून वाटी दिली. लिगायाने एक घास घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला.

"मंजू, आलं जास्त पडलंय."

"काय म्हणालीस?"

"आलं. जास्त झालंय."

मंजूषा कुंपणाला धरून रडू लागली आणि रडता रडता म्हणाली, "उद्या कमी घालीन हं."

दोन वर्षांनी सुयशला दूरच्या झूटरमेर शहरात नोकरी लागली. नव्या घरात इंडक्शन. माझा तळ गोल. सुयशने मला देऊन टाकायच्या खोक्यात ठेवले. मंजूषाने बाहेर काढले आणि पुण्याला फोन लावला.

"आई, कढई लिगायाला देऊ?"

"गॅस आहे ना तिच्याकडे? मग विचारतेस काय!" मालिनीबाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी लिगायाकडे आहे. धुतली की लगेच पुसते ती मला, तेलाचा हात फिरवते. मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटावर माझी एखादी बहीण असेल. तिला खाली काढा, घासा, तेल पाजा. आणि तिच्यात जे शिजेल, त्यातले वाटीभर शेजारी द्या.

दर रविवारी झूटरमेरहून मंजूषाचा फोन येतो. "सगळं ठीक ना गं?" ती विचारते. चौकशी तिची चालली आहे की माझी, हे काही लिगायाला कळत नाही. माझ्याकडे पाहत ती सांगते, "दोघी छान आहोत."